मातीखालचें धन

मृगाचा पहिला पाऊस कोसळून गेला, म्हणजे आमच्या नागपुराकडील शेतांचें रूप पालटतें. उन्हाळ्यांत नांगरून ठेवलेलीं ढेकळें विरघळतात, काळी माती धुऊन निघते, आणि इतके दिवस तिनें पोटांत लपवून ठेवलेल्या बारीकसारीक वस्तू वर येतात. कोठें तांबड्या खापराचा तुकडा, कोठें दगडाचा घोटीव मणी, कोठें हिरवा गंज चढलेला ढब्बू पैसा. एखाद्या रिठीवर तर ह्या दिवसांत गुराख्यांचीं पोरें माना खालीं घालूनच हिंडत असतात. रीठ म्हणजे ओसाड पडलेलें गांव. वस्ती उठून गेली, भिंती ढांसळल्या, पावसानें त्यांची माती केली, आणि मागें पांढरीचें एक टेकाड तेवढें उरलें. तीच पांढरी माती शेतकरी बंडींत भरून खतासाठीं वावरांत नेऊन टाकतो, आणि तिच्याबरोबर कोण जाणे किती शतकांपूर्वीचीं खापरें स्वतःच्या शेतांत नकळत पेरून येतो.

जमिनींतून कांहींतरी सांपडावें, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. लहान मूल अंगणांत काडीनें खड्डा करीत बसतें, तें खालीं काय आहे हें पाहण्यासाठींच. मोठेपणीं ह्या हौशीला दोन वाटा फुटतात. एक जिज्ञासेची, दुसरी लोभाची. दोहोंचा आरंभ एकाच ठिकाणीं होत असल्यामुळें आपण कोणत्या वाटेला लागलों, हें चालणाऱ्यास पुष्कळदां कळतही नाहीं. गेल्या वर्षभरांत ह्या दोन्ही वाटा आम्हांस जवळून पाहावयास मिळाल्या. म्हणून आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्याशीं त्याविषयीं चार शब्द बोलावेसे वाटतात.

परदेशीं नोकरीस असलेला आमचा एक माजी विद्यार्थी नाताळाच्या सुटींत घरीं आला, तो एक धातुशोधक यंत्र बरोबर घेऊन आला. लांब दांडा, दांड्याच्या टोकास जेवणाच्या ताटाएवढी चकती, मुठीपाशीं एक लहानशी पेटी, असें त्याचें स्वरूप. चकतीच्या आंत तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सतत दिशा बदलणारी वीज खेळविली, म्हणजे त्याच्याभोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला, कीं त्या तुकड्यांत विजेचे सूक्ष्म भोंवरे उठतात, त्यांचें स्वतःचें एक क्षीण क्षेत्र तयार होतें, आणि तें यंत्रास जाणवून यंत्र आवाज करितें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलें पदार्थविज्ञानांत जो विद्युत्प्रवर्तनाचा धडा पाठ करितात, तोच येथें बोलूं लागतो.

ह्या यंत्राची जन्मकथा मोठी हृदयस्पर्शी आहे. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर एका माणसानें गोळी झाडली. गोळी शरीरांत कोठें अडकली आहे, हें वैद्यांस सांपडेना. तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं अशा धर्तीचें एक उपकरण घाईघाईनें तयार करून अध्यक्षांच्या शय्येपाशीं नेलें. परंतु गादीखालीं पोलादी स्प्रिंगा होत्या; त्यांमुळें उपकरण घोंटाळ्यांत पडलें, आणि गोळी सांपडली नाहीं. सप्टेंबरांत अध्यक्ष निवर्तले. पुढें १९३७ सालीं गेरहार्ड फिशर यांनीं हातीं धरावयाच्या यंत्राचें अमेरिकेंत पेटंट मिळविलें. दुसऱ्या महायुद्धांत योझेफ कोसात्स्की नांवाच्या पोलिश अधिकाऱ्यानें सुरुंग शोधणारें यंत्र सिद्ध केलें, व १९४२ सालीं एल अलामीनच्या रणांगणावर त्यानें कित्येक सैनिकांचे प्राण वांचविले. प्राण वांचविण्याकरितां ज्याचा ध्यास घेतला गेला, तें यंत्र आज हौशी लोकांच्या हातीं आलें आहे.

आमच्या घराच्या अंगणांतच प्रथम प्रयोग झाला. दोन तासांच्या खटपटीनंतर जी संपत्ति हातीं आली, ती अशी: सतरा खिळे, पत्र्याचीं चार झांकणें, सोड्याच्या बाटल्यांचीं बुचें, सायकलच्या साखळीचा एक तुकडा, पांच पैशांचें चौकोनी ॲल्युमिनियमचें नाणें, आणि चांदीचें एक इवलेंसें घुंगरू. हें शेवटचें आमच्या वृद्ध मातुःश्रींनीं हातांत घेतलें आणि क्षणांत ओळखलें. तें आमच्या धाकट्या बहिणीच्या लहानपणच्या पैंजणाचें होतें. तें हरवलें त्या सायंकाळीं त्यांनीं कंदील घेऊन सारें अंगण झाडलें होतें. तें ऐकून लूककृत शुभवर्तमानांतील, हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडणाऱ्या त्या स्त्रीचें आम्हांस स्मरण झालें. बाजारांत त्या घुंगराचें मोल फारसें आलें नसतें; परंतु मातुःश्रींनीं तें पदराच्या गांठीस बांधलें, आणि त्या दिवशीं घरांत बहिणीच्या बालपणाच्या गोष्टी रात्रीपर्यंत चालल्या.

येथपर्यंत सर्व निर्दोष होतें. आपल्या अंगणांतील आपलीच हरवलेली वस्तु शोधण्यांत कोणास दोष देतां येईल? इतवारीच्या सराफ ओळींत पहांटे दुकानांपुढची धूळ व नालींतला गाळ गोळा करून, तो पाण्यांत धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी हेंही धातुशोधनच करितात; तेंही यंत्रावांचून, केवळ हाताच्या कसबानें आणि घाम गाळून. परंतु आमच्या तरुण मित्राचें समाधान अंगणानें होईना. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं बेत केला, कीं यंत्र घेऊन काटोल रस्त्यावरील जुनापाणीस जावें. आम्हीं तो बेत मोडला. कां मोडला, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

जुनापाणीस दगडांचीं मोठमोठीं वर्तुळें आहेत. त्यांची संख्या तीनशेंच्या आसपास सांगतात. लोहयुगांतील लोकांनीं आपल्या मृतांच्या स्मरणार्थ तीं रचलीं. आंत मडकीं, लोखंडाचीं हत्यारें, मणी इत्यादि वस्तू ठेवीत. अशीं वर्तुळें टाकळघाट, माहुरझरी, नायकुंड इत्यादि नागपूरच्या आसपासच्या कित्येक ठिकाणीं आहेत. त्यांच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधणाऱ्या पहिल्या लोकांपैकीं एक रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे होत. ते १८४५ सालीं नागपुरास आले व पुढच्याच वर्षीं त्यांनीं येथें शाळा काढली; पण शाळेबाहेरचा त्यांचा वेळ दगड, जीवाश्म, गोंड लोकांची भाषा व जुने अवशेष यांच्या अभ्यासांत जाई. १८६३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस ते टाकळघाटचीं दगडी वर्तुळें पाहून घोड्यावरून परतत असतां, वाटेंतील नाल्याला पूर आला होता, त्यांत वाहून गेले. त्यांनीं मागें ठेविलेल्या टिपणांतून १८६६ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या वर्षीं हिस्लॉप गेले, त्याच वर्षीं नागपुरांत अजबबंगला, म्हणजे आपलें मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय, स्थापन झालें. ह्या मनुष्यानें वर्तुळांतून काय मिळविलें? एक कवडीही नाहीं. त्यानें मिळविली ती माहिती, आणि तिच्यासाठीं प्राण वेंचले.

आतां यंत्राची मर्यादा पाहा. तें धातूस ओळखतें, दुसऱ्या कशासही नाहीं. माहुरझरीचें नांव जगभर झालें तें अकीक व तत्सम दगडांच्या मण्यांमुळें. तो मणी चकतीखालीं वीतभर अंतरावर असला, तरी यंत्र मौन धरील. नायकुंडास लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सांपडली. तिच्या भाजलेल्या विटा व राख यंत्रास ऐकूं येत नाहींत. उलट, आमच्याकडील काळ्या दगडाची माती लोहयुक्त असल्यामुळें तें कित्येकदां कांहीं नसतांच ओरडतें. अशा यंत्राच्या भरंवशावर जो खणतो, तो एका खिळ्यासाठीं दहा मडकीं फोडतो. १९७० नंतरच्या वर्षांत डॉ. शां. भा. देव यांनीं माहुरझरीस उत्खनन केलें, तेव्हां घोड्यांच्या सांगाड्यांसह त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. तांब्याचे ते पत्रे कोणी रात्रीं उपटून नेले असते, तर ते भंगाराच्या भावानें विकले जाते. ते घोड्याच्या हाडांपाशीं होते, म्हणून तो घोड्याचा साज होता हें कळलें, आणि आपल्या धन्याबरोबर घोड्यासही सजवून पुरणारे लोक एके काळीं येथें राहत होते, हें आज आपण सांगूं शकतों.

वस्तु एकटी मुकी असते. ती कोठें, किती खोल, कोणाच्या शेजारीं होती, हें कळलें म्हणजे ती बोलते. १९३९ सालीं त्या वेळच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळें येथें सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याचा अभ्यास केला, आणि पुराणांच्या याद्यांत ज्यांचीं नांवें नाहींत असे कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि इत्यादि राजे जगासमोर आले. हीं नाणीं मुठीमुठीनें वांटलीं जाऊन सोनारांच्या मुशींत गेलीं असतीं, तर हे राजे पुन्हां एकदां मेले असते.

आणि असे ठेवे बहुधा विद्वानांस सांपडत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवा. १८७० सालीं बालाघाट जिल्ह्यांतील गुंगेरिया येथें गुरें राखणाऱ्या मुलांस जमिनींतून डोकावणारी एक धातूची वस्तु दिसली. तेथें पुढें तांब्याचीं ४२४ हत्यारें आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. त्यांतील कित्येक पत्रे शिंगें असलेल्या बैलाच्या मुखाच्या आकाराचे आहेत. १९७४ सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचें मूळ खणतांना चार ओतीव मूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ हांकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचें एकूण वजन ६० किलोंहून अधिक भरलें. ह्या दोन्ही ठिकाणीं यंत्र नव्हतें, ग्रंथ नव्हता. होते ते गरिबाचे हात. म्हणूनच गरिबाच्या हातीं ठेवा लागला असतां त्यानें काय करावें, हा प्रश्न आमच्या मतें पंडितांच्या सर्व प्रश्नांहून मोठा आहे. तो प्रश्न ह्या उन्हाळ्यांत आमच्या दाराशीं येऊन उभा राहिला.

आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील शहराच्या दक्षिणेस तीन एकर कोरडवाहू वावर करितात. नळ टाकण्यासाठीं चर खणतांना कुदळीखालीं मातीचें एक भांडें फुटलें, आणि आंतून तांब्याचीं नाणीं सांडलीं. मोजलीं तेव्हां एकेचाळीस भरलीं. ती गोष्ट घरांतच राहावी असें त्यांना वाटलें. पण गांवांत भिंतीला कान असतात. आठ दिवसांत एक व्यापारी मोटारसायकलवरून येऊन रोख रकमेची भाषा बोलून गेला. त्यापाठोपाठ दुसरा एक मनुष्य आला. त्यानें सांगितलें, कीं तांबें ही नुसती राखण आहे, खालीं सोन्याचा हंडा आहे. परंतु तो पायाळू माणसावांचून हातीं येणार नाहीं. आणि आमचा हा विद्यार्थी जन्मतः पायाळू, म्हणजे जन्माच्या वेळीं त्याचे पाय आधीं आलेले. अमावास्येच्या रात्रीं त्याला वावरांत आणावें, पूजेचें साहित्य आपण आणूं, असा त्या मनुष्याचा निरोप होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या मुलाची आई शाळेच्या फाटकाशीं उभी होती. "सर, पोराले अमोशेले घेऊन या म्हन्ते तो मानूस. याचे बाबा कायीच बोलत नाहीत," एवढेंच ती बोलली. बाप कांहीं बोलत नव्हता, हें तिच्या भयाचें खरें कारण होतें. कर्जानें वांकलेला मनुष्य 'होय' म्हणावयास जितका वेळ लावतो, तितकाच 'नाहीं' म्हणावयासही लावतो.

आम्ही त्याच दिवशीं त्यांच्या घरीं गेलों. ओसरीवर बसून बापाशीं बोलणें झालें. मांत्रिकावर त्याचा विश्वास होता असें नव्हे. परंतु त्याचें भय निराळेंच होतें. तो म्हणाला, "सर, सरकारले सांगतलं तं वावर तं नाही न जाणार आमचं?" तेव्हां आम्हांस उमगलें, कीं लोभाहून भीतिच माणसास अंधारांत अधिक लोटते. १८७८ चा निखात निधीचा कायदा काय सांगतो, तें आम्हीं त्यास साध्या भाषेंत समजावून दिलें, आणि तेंच येथें पालकांसाठीं लिहितों. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तु ज्यास सांपडेल, त्यानें ती काय आहे, कोठें व केव्हां मिळाली, हें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें. त्यावर चार ते सहा महिन्यांच्या मुदतीची जाहीर सूचना निघते. कोणीही खरा मालक पुढें न आल्यास तो निधि बेवारस ठरतो. सांपडणारा व जागेचा मालक निरनिराळे असतील, तर सामान्यतः तीन चतुर्थांश सांपडणाऱ्याचे व एक चतुर्थांश मालकाचा. शासनास तो हवा असेल, तर धातूची किंमत व तिचा एक पंचमांश अधिक देऊन तें घेऊं शकतें. लपविणाऱ्याचा मात्र वांटाही जातो आणि त्यास एक वर्षापर्यंत कैदही होऊं शकते. ह्या कायद्यांत वावर काढून घेण्याचें कलम नाहीं. पायाळूच्या नांवानें चालणाऱ्या अघोरी प्रकारांचें म्हणाल, तर गुप्तधनासाठीं अमानुष कृत्य करणें हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे, आणि असें कृत्य करण्याचा प्रयत्न व त्यास चिथावणी देणें हेंही गुन्ह्यांतच मोडतें.

बाप बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग उठून त्यानें कोठींतून फडक्याची पुरचुंडी काढली आणि आमच्यापुढें ठेविली. आम्हीं ती हातांत घेतली नाहीं. "तुमच्याच हातानें द्या," असें म्हटलें. अर्ज त्यांनीं सांगितला, मुलानें लिहिला. कचेरींत दोन खेपा व्यर्थ गेल्या. तिसऱ्या खेपेस पोंच मिळाली. पोलीस पाटलाच्या कानांवर अमावास्येची गोष्ट घातल्यावर तो पूजेचा मनुष्य पुन्हां त्या गांवांत दिसला नाहीं.

कांहीं दिवसांनीं पुरातत्त्वाचे एक अधिकारी जागा पाहण्यास आले. नाणीं त्यांनीं न्याहाळलीं, टिपून घेतलीं, आणि मग विचारलें, "भांडें कोठें आहे?" बापानें तीं खापरें धुऱ्यावर भिरकावून दिलीं होतीं. तेवढ्यांत मुलगा घरांत गेला आणि एक बुटांचें खोकें घेऊन आला. त्यांत भांड्याचे सारे तुकडे होते. चर किती हात खोल होता, तें भांडें कोणत्या रंगाच्या मातींत होतें, धुऱ्यावरच्या बाभळीपासून तें किती पावलांवर होतें, हें सर्व त्यानें वहीच्या कागदावर लिहून आंत ठेविलें होतें. कोणी सांगितलें म्हणून नव्हे. त्याला तसें करावेसें वाटलें. ते अधिकारी तो कागद वाचून क्षणभर स्तब्ध राहिले, आणि त्यांनीं त्या पायाळू मुलाशीं मोठ्या माणसाशीं करावें तसें हस्तांदोलन केलें. आम्हीं शिक्षकाच्या पेशांत वीस वर्षें काढलीं. परंतु बक्षीससमारंभांतही इतका संतोष आम्हांस क्वचित् झाला असेल.

वाचकांची फसवणूक होऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे, कीं त्या कुटुंबाचें कर्ज ह्या नाण्यांनीं फिटलें नाहीं व फिटणारही नाहीं. तांबें तें तांबेंच. व्यापाऱ्यानें देऊं केलेली रक्कम हातची गेली, हा सल बापाच्या मनांतून गेला असेल, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अमावास्येच्या रात्रीं मुलगा आपल्या घरीं, आपल्या अंथरुणावर झोंपला होता. हें धन कोणत्या तराजूंत तोलावें, तें आईबापांनींच सांगावें.

आमच्या विद्यार्थी मित्रांस आमचें सांगणें थोडकें आहे. यंत्र वाईट नाहीं. तें आपल्या अंगणांत आपली हरवलेली वस्तु शोधण्यास खुशाल वापरा. संरक्षित स्थळीं आणि दगडी वर्तुळांपाशीं मात्र तें नेऊं नका. तेथें परवानगीवांचून खणणें कायद्यानें मना आहे, आणि नीतीनेंही. शेतांत कांहीं सांपडलें, तर घासूंपुसूं नका. गंजासह असूं द्या. आणखी खोल खणूं नका. जागेची खूण करा, अंतर पावलांनीं मोजा, कागदावर लिहा, आणि घरांतील वडील माणसांस अगर आम्हां शिक्षकांस सांगा. पालकांस विनंति एवढीच, कीं मूल अशी वस्तु घेऊन आलें, तर प्रथम तिची किंमत विचारूं नका; ती कोठें मिळाली, तें विचारा. ह्या एका प्रश्नानें मूल कोणत्या वाटेनें जाईल, तें ठरतें.

पावसाळा जवळ आला आहे. शेतें पुन्हां धुऊन निघतील, आणि माती आपल्या पोटांतलें कांहीं ना कांहीं वर टाकील. तें उचलणारे हात आमच्या मुलांचे असोत, आणि ते स्वच्छ असोत, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.